सत्कार आणि निरोप : हायस्कूल सोडणाऱ्या मुलांविषयीं एक पाठ



परीक्षेपूर्वीं शाळेंत निरोपाचा समारंभ होतो, आणि उन्हाळ्यांत दहावीचा निकाल लागला म्हणजे गांवांत सत्कार होतो. हार, नारळ, पेढे, दोन भाषणें, आणि मग जो तो आपापल्या घरीं. हा प्रघात चांगला कीं वाईट, आणि त्यांत आपलें कर्तव्य काय, हें आज एका खऱ्या उदाहरणावरून पाहूं.

१. एका बापाची हरकत

भीमराव रामजी आंबेडकर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून १९०७ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरले. त्यांच्या समाजांतील लोकांनीं सभा भरवून त्यांचें अभिनंदन केलें. ही सभा मॅट्रिकनंतरची असें चरित्रकार सांगतात. स्वतः आंबेडकरांनीं १९५६ सालीं लिहिलेल्या एका प्रस्तावनेंत ती इंग्रजी चवथीच्या परीक्षेनंतरची म्हणून सांगितली आहे. परीक्षा कोणतीहि असो, त्या प्रस्तावनेंतील एक गोष्ट आपण ध्यानांत धरावी. लोक परवानगी मागावयास आले तेव्हां वडील रामजी सुभेदार यांनीं साफ नकार दिला. मुलानें एक परीक्षा दिली, यापलीकडे कांहीं केलें नाहीं. सत्कारानें त्याचें डोकें फिरेल, असें त्यांचें म्हणणें. अखेरीस कृष्णाजी अर्जुन केळुसकर या स्नेह्यांनीं मध्यस्थी केली, आणि सभा झाली.

या वादांत कोणाचें म्हणणें खरें? दोघांचेंहि. बापास मुलाची काळजी होती. परीक्षा हें दार आहे, घर नव्हे, हें तो जाणत होता. लोकांस मात्र आपल्यांतील एक मूल त्या दारापर्यंत पोहोंचलें, हें इतर मुलांस दाखवावयाचें होतें. म्हणून सत्कार करावा. पण बापाची हरकतहि त्याच सभेंत ऐकूं यावी. ‘तूं मोठा झालास’ असें मुलास सांगूं नये. ‘तूं एक पायरी चढलास, आतां पुढची दिसते’ असें सांगावें.

२. गुण किती आणि वाट किती

त्या मॅट्रिकच्या परीक्षेंत भीमरावांस ७५० पैकीं २८२ गुण मिळाले. शेंकडा ३८ सुद्धां भरत नाहींत! आज एखाद्या मुलानें असें गुणपत्रक घरीं आणिलें तर पेढे कोण वांटील? परंतु त्या गुणांमागची वाट पाहा. परळच्या चाळींत एकच खोली, तींत सर्व कुटुंब. मुलानें संध्याकाळीं लवकर निजावें, आणि बापानें त्यास रात्रीं दोन वाजतां अभ्यासास उठवावें, असा क्रम होता. पुस्तकांसाठीं बापानें लेकींचे दागिने गहाण ठेवावे. शाळेंत संस्कृत शिकण्याची इच्छा असतां, अस्पृश्य म्हणून तें नाकारलें गेलें, आणि पर्शियन घ्यावी लागली.

म्हणून सत्कार करणाऱ्यांनीं केवळ आंकडा वाचूं नये. जी मुलगी विहिरीचें पाणी भरून, धाकट्या भावंडांस सांभाळून, दोन कोस चालून शाळेंत गेली, तिचे पंचेचाळीस आणि शिकवणीच्या मुलाचे नव्वद एकाच काट्यावर तोलतां येत नाहींत.

३. सत्कारामागून काय आलें

त्या सभेंत केळुसकरांनीं भीमरावांस स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र भेट दिलें. हार दुसऱ्या दिवशीं सुकतो; पुस्तक राहिलें. तें एका मुलाच्या मनांत किती वर्षें काम करीत राहिलें, हें त्याच प्रस्तावनेंत वाचावयास मिळतें.

केळुसकर एवढ्यावर थांबले नाहींत. पुढें कॉलेजांत असतां पैशाची अडचण पडली, तेव्हां त्यांनीं या विद्यार्थ्यास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांजकडे नेलें, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. १९१२ सालीं बी. ए. ची परीक्षा झाली. २ फेब्रुवारी १९१३ रोजीं वडील वारले. त्याच वर्षीं बडोद्याच्याच साहाय्यानें भीमराव अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत गेले. सत्काराची सभा तासाभराची. केळुसकरांचा शब्द कित्येक वर्षें पाळला गेला. आपल्या सभांत भाषणें करणारे पुष्कळ असतात. पुढील महिन्यांत त्या मुलाच्या दारीं जाणारे किती?

४. जो सत्काराच्या बाहेर राहतो

एका गांवीं मी अशा सभेस गेलों होतों. पांच मुलांस हार घातले. सतरंज्या अंथरणारा आणि शेवटीं गोळा करणारा एक मुलगा होता. तो त्यांच्याच वर्गांतला. गणितांत अनुत्तीर्ण झाला होता. त्याचें नांव कोणीं घेतलें नाहीं, आणि मींहि घेतलें नाहीं. परत येतांना वाटेंत तें मला उमगलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां गेलों, तों तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाण्याचें ठरवून बसला होता. पुरवणी परीक्षा असते, अर्ज शाळेंतूनच भरतां येतो, आणि एका विषयासाठीं सर्व विषय पुन्हां द्यावे लागत नाहींत, हें त्याच्या बापास ठाऊकच नव्हतें! आम्हीं तिघांनीं शाळेंत जाऊन अर्ज भरला. वाचकहो, उत्तीर्णांस हार देणें सोपें आहे. अनुत्तीर्णाच्या घरीं जाणें हें खरें काम आहे.

५. निरोप कसा द्यावा

निरोप देणें म्हणजे हात सोडणें नव्हे, वाटेस लावणें होय. म्हणून गांवांतील शिकलेल्या माणसांनीं इतकें तरी करावें :

पहिलें, शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रक मुलाबरोबर बसून वाचावें. नांवांत किंवा जन्मतारखेंत चूक असेल तर ती तत्काळ शाळेच्या नजरेस आणावी. नंतर ती दुरुस्त करणें फार कठीण पडतें.

दुसरें, अकरावी, आय. टी. आय. किंवा पदविका यांचे अर्ज केव्हां व कोठें भरावयाचे, याची चौकशी निकालापूर्वींच करून ठेवावी.

तिसरें, मुलीच्या बापाशीं बोलावें. दहावीचा निरोप हा पुष्कळ मुलींच्या बाबतींत शिक्षणाचाच निरोप होतो. २००६ च्या कायद्याप्रमाणें अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न करणें गुन्हा आहे. दहावी झालेली मुलगी बहुधा पंधरा-सोळा वर्षांची असते. त्या मधल्या वर्षांत ती शिकूं शकते.

चौथें, भेट द्यावयाची तर पुस्तक, प्रवासखर्च किंवा पहिल्या सहामाहीची फी द्यावी.

विचारासाठीं प्रश्न

१. रामजी सुभेदारांनीं प्रथम नकार कां दिला? त्यांची भीति आपल्या गांवीं कोठें खरी ठरते?
२. केळुसकरांनीं सभेंत काय दिलें, आणि सभेनंतर काय केलें?
३. या वर्षीं आपल्या गांवांत दहावीस कोण बसलें होतें? त्यांपैकीं कोणाचें नांव सत्कारांत आलें नाहीं?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहूं नये. त्या घरीं जाऊन द्यावें.