दामाजीची पावती आणि करसल्लागाराचं दफ्तर

दामाजीपंतांची गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांना खुली केली, बीदरच्या बादशहानं त्यांना धरून आणायचा हुकूम काढला, आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठल बीदरला जाऊन धान्याचे पैसे भरून आला. लहानपणी ऐकली तेव्हा माझं सगळं लक्ष चमत्काराकडे होतं. आता वाचताना नजर दुसरीकडेच जाते. देवानं पैसे भरले आणि रीतसर पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांच्या पोथीत सापडते. पैसे भरणं आणि भरल्याचा पुरावा जागेवर सापडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गोष्टीला माहीत होतं. मला ते गेल्या उन्हाळ्यात कळलं.

भालकी तालुक्यातल्या एका करसल्लागारांकडे मी दोन महिने काम केलं. ऑफिस 'पेपरलेस' करायचं होतं. भिंतीभर फायली, वर लाल कापडात बांधलेले जुने हिशोब. (पुराभिलेखागारात अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात, आणि 'दफ्तर' हा शब्द फारसीतून आला. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "छान, आता स्कॅन कर.") मी केलं. रोज दीड-दोनशे कागद. मला वाटलं, कागदाचा फोटो काढला की झालं.

जुलैत एका अशिलाला आयकराची नोटीस आली. आमच्याकडचे जुने अशील. गावात किराणा दुकान, शिवाय नऊ एकर शेती. बँकेत रोख रक्कम भरली होती, ती आली कुठून, असा प्रश्न. पैसे तुरीचे होते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण ते शेतीचंच उत्पन्न आहे हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवणारा कागद म्हणजे अडत्याची पट्टी. पट्टी स्कॅन केलेली होती. वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं स्वच्छ दिसत होतं. पण उचल किती वळती केली आणि उरलेली रोख कुठल्या तारखेला दिली, हे मुनिमानं पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं. मी फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती. मागची बाजू पाठकोरी आहे असं मी गृहीत धरलं होतं.

काका समोर बसून म्हणाले, "कागद म्या तुमच्यापाशीच ठेवला होता की, माय." रागानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

पट्टी सापडली, कारण पावसामुळं रद्दीवाला आला नव्हता. दोन दिवस आम्ही पोती उपसत होतो. २०२० पासून आयकराच्या आकारणीचं बरंचसं काम 'फेसलेस' झालंय. समोर अधिकारी नाही, "साहेब, असं असं झालं" म्हणून समजवायची सोय नाही. पोर्टलवर जे चढवाल तेच तुमचं तोंड. मागची बाजू नसती, तर काकांची बाजूच नव्हती.

त्यानंतर मी हे काम नीट शिकले. त्यातलं थोडं इथं लिहिते, कारण आपल्यातले बरेच जण पुढं अशाच ऑफिसांत बसणार आहेत.

कायदा कागदाचा हट्ट धरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ नं इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आहे. कलम ७ जास्त महत्त्वाचं. नोंद पुढंही उघडून वाचता आली पाहिजे, मूळ मजकूर जसाच्या तसा दिसला पाहिजे, आणि ती कुठून, कुणाला, कधी गेली-आली हे ओळखता आलं पाहिजे. म्हणजे अंधुक, अर्धवट फोटो ही नोंदच नव्हे. मात्र मृत्युपत्राला हा कायदा लागू नाही. असे कागद, मुद्रांकावरचे करार, खरेदीखतं यांचं स्कॅन जरूर ठेवा, पण मूळ कागद फाडू नका. अशिलाला परत द्या. पेट्रोल पंपाची किंवा एटीएमची चिठ्ठी उलट आधी स्कॅन करा. त्या कागदावरची अक्षरं उष्णतेनं उमटतात आणि आमच्या उन्हाळ्यात तशीच उडूनही जातात.

किती वर्षं ठेवायचं? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२३-२४ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील चालू असेल तर त्याहून जास्त.

आता नावांची गंमत, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही. आमच्याकडे एकाच माणसाची पहाणी कन्नडमध्ये, उदगीरच्या अडत्याची पट्टी मराठीत, आजोबांच्या काळची निजामी पावती उर्दूत आणि आयकर विवरणपत्र इंग्रजीत. १९५६ ला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, पण घरातल्या पत्र्याच्या पेटीत तो अजून एकच आहे. आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं. पाटील तर विचारूच नका. नावानं फाइल शोधायला गेलात की संपलं. म्हणून फोल्डर पॅन क्रमांकानं. दहा अक्षरी क्रमांक, कुठल्याही लिपीत न बदलणारा. त्याचं चौथं अक्षर व्यक्ती, फर्म की कंपनी हेही सांगतं. आणि प्रत्येक कागदाला एक ओळ वर्णन हातानं लिहायचं: काय आहे, कुठल्या भाषेत, पाठीमागे मजकूर आहे का. मुनिमाचं पेन्सिलीतलं अक्षर संगणक वाचून देईल, या भरवशावर राहू नका.

वर्षाचाही घोळ आहे. '२०२४-२५' असं नुसतं लिहिलं तर ते आर्थिक वर्ष की आकारणी वर्ष? २०२३-२४ ची कमाई २०२४-२५ च्या आकारणी वर्षात येते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात 'कर वर्ष' ही एकच कल्पना आहे, पण जुनी फोल्डरं जुन्याच नावांनी पडून राहणार. एक पद्धत ठरवा आणि ती लिहून भिंतीवर लावा.

दुरुस्तीच्या बाबतीत मला चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंदवही आठवली. तिथं आधीचं काही खोडत नाहीत. पुढं त्या माणसाचं लग्न झालं की ती नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहितात. जीएसटीच्या ५६ व्या नियमाचा सूरही जवळपास तोच. नोंद पुसायची किंवा गिरवायची नाही, आणि संगणकावर बदलली वा काढली तर त्या बदलाची नोंद राहिली पाहिजे. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' अशा नावांच्या फायली म्हणजे पाठभेदांचा नुसता गोंधळ. कुठला पाठ मूळ, हे ठरवायला आपल्याला एकनाथ भेटणार नाहीत.

पासवर्डचं तर महानुभावांसारखं झालं होतं. त्यांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. किल्ली पंथाबाहेर गेली नाही, म्हणून बाहेरच्यांना ते शतकानुशतकं वाचता आले नाहीत. आमच्याकडे आधीच्या मुलानं काही फायलींना पासवर्ड लावले आणि नोकरी सोडून हैदराबादला गेला. त्याला चार फोन करावे लागले. जीएसटीचा ५७ वा नियम सांगतो की नोंदींची बॅकअप प्रत हवी, आणि अधिकाऱ्यानं मागितल्यास फायलींचे पासवर्ड व वापरलेल्या संकेतांचा खुलासाही द्यावा लागतो. किल्ली सरांकडे, आणि बंद पाकिटात दुसऱ्या एका जबाबदार माणसाकडे. बॅकअप म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आपोआप जुळणारा क्लाउड हा बॅकअप नव्हे. इथं चुकून पुसलं की तिथंही पुसलं जातं.

आणि व्हॉट्सॲप. अशील आधार कार्डाचा फोटो पाठवतो, तो माझ्या मोबाइलच्या गॅलरीत, माझ्या बहिणीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडून राहतो. तो अशिलाचा आहे, माझा नाही. ऑफिसच्या फोल्डरात नेऊन मोबाइलमधून काढून टाकायचा, त्याच दिवशी. शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार चालत असेल तर तेच मागायचं.

ऑगस्टमध्ये काकांच्या नोटिशीचं उत्तर गेलं, पट्टीच्या दोन्ही बाजूंसकट. मूळ कागद परत द्यायला मी त्यांना बोलावलं. यादी वाचून दाखवली, त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला आणि पिशवीत ठेवला. मग मिळाल्याची सही करायला मी यादी पुढं केली. सही मराठीत केली, खाली तारीख घातली आणि म्हणाले, "ह्याची एक नक्कल मला पण दे की."

मी दिली. त्याआधी कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं, तरी दोन्ही बाजू स्कॅन केल्या.