डर्मा हवंय, पण कशासाठी?

नीट पीजीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न एकच : ‘‘सर, एवढ्या रँकला डर्मा मिळेल ना?’’ डर्माच का, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं. रात्रपाळी नाही, इमर्जन्सी नाही, पुढे लेझर, बोटॉक्स, स्वतःचं क्लिनिक. हे सगळं आई-वडील सांगतात. ज्यानं तीन वर्षं काढायची, तो मुलगा किंवा मुलगी एक शब्द बोलत नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. एवढ्याच कारणांसाठी मुलांना त्वचारोगशास्त्रात ढकलू नका. या एमडीत त्वचारोगांसोबत गुप्तरोग आणि कुष्ठरोगही शिकावे लागतात. वॉर्डात पेम्फिगसचे रुग्ण असतात. अंगभर फोड येऊन फुटतात, कातडी सोलवटते, तोंडातल्या जखमांमुळे घास गिळवत नाही आणि जंतुसंसर्ग झाला तर माणूस दगावतो. इमर्जन्सी नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

लेझर शिकून क्लिनिक थाटायला माझा विरोध नाही. ती वाट सर्वांना ठाऊक आहे. मला ज्या वाटेसाठी चांगली मुलं हवी आहेत, ती ऑटोइम्यून आणि दाहजन्य त्वचारोगांवरच्या संशोधनाची. कोड, सोरायसिस, पेम्फिगस, ल्युपस, चाई या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. मेंदू किंवा मूत्रपिंडाचा तुकडा तपासायला काढणं जोखमीचं असतं. त्वचेचा चार मिलिमीटरचा तुकडा जागा बधिर करून ओपीडीतच काढता येतो, उपचारांनंतर पुन्हा काढून आधीच्याशी ताडून पाहता येतो. प्रतिकारशक्ती कुठे बिघडते हे पाहायला इतकी सोयीची जागा शरीरात दुसरी नाही.

आणि हे काम फक्त परदेशात होतं, असं समजू नका. पेम्फिगसमध्ये प्रतिपिंडं नेमक्या कोणत्या प्रथिनावर हल्ला करतात, याचा जनुकीय उलगडा मासायुकी आमागाई आणि जॉन स्टॅन्ली यांनी 1991मध्ये अमेरिकेत केला, हे खरं. पण त्याआधीच, 1984मध्ये, दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइड पल्स उपचार प्रसिद्ध केला होता. सलग तीन दिवस सलाइनमधून डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड, आणि दर 28 दिवसांनी पुन्हा तेच. औषधं जुनी आणि परवडणारी. आज रिटुक्सिमॅब या औषधानं ती जागा बरीचशी घेतली असली, तरी देशभरातल्या वॉर्डांनी कित्येक वर्षं याच पद्धतीनं रुग्ण सांभाळले. मोठी प्रयोगशाळा हाती नसताना, रुग्णांचा नेटानं पाठपुरावा करून उभं राहिलेलं हे संशोधन आहे.

पुढचे प्रश्नही आपलेच आहेत. सोरायसिसवरची काही बायोलॉजिक इंजेक्शनं शरीरात दबून राहिलेला क्षयरोग जागा करतात. आपल्याकडे ती कुणाला आणि कशी द्यायची? गोऱ्या कातडीवर लालभडक दिसणारा दाह सावळ्या कातडीवर करडा किंवा जांभळट दिसतो. मग तीव्रता मोजायची कशी? कोडावर रुक्सोलिटिनिबच्या मलमाला 2022मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ते आपल्या रुग्णाला परवडणार कसं? एका डागापायी आपल्याकडे मुलींची लग्नं मोडतात, कोड म्हणजे महारोग असं आजही समजलं जातं. या प्रश्नांची उत्तरं बॉस्टनहून येणार नाहीत.

रस्ता लांब आहे. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन. मात्र सुरुवात आधीच करता येते. आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती एमबीबीएस करतानाच मिळते. एमडीचा प्रबंध सगळे करतात, बहुतेक जण उरकतात. तो मनापासून करा, संख्याशास्त्र तेव्हाच शिका. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स (एनसीसीएस) आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहायला कुणाच्या ओळखीची गरज नसते. एमडीनंतर पीएचडी किंवा फेलोशिप घेता येते. पैसा लेझर क्लिनिकइतका मिळत नाही, हेही आत्ताच सांगतो. सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या पगारात घर नीट चालतं, सोसायटीत मिरवता येत नाही.

इथेच पालक अडून बसतात. जमीन विकून खासगी महाविद्यालयाची फी भरली की पैसा वसूल करायची जबाबदारी मुलाच्या डोक्यावर येते आणि संशोधनाचं नावही घरात काढता येत नाही. असं कर्ज मुलांवर लादू नका. ज्याला आवड नाही, त्यालाही या वाटेला लावू नका. ज्याला पेम्फिगसच्या रुग्णाजवळ बसून त्याची हकिकत ऐकावीशी वाटते, त्याला मात्र अडवू नका.

चॉइस फिलिंगला अजून दिवस असतील तर एक काम करा. शहर आणि हॉस्टेल पाहण्याआधी तिथल्या रेसिडेंटना तीन गोष्टी विचारा : त्वचाविभागात ऑटोइम्यून रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे का, बायोप्सीची इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी तिथेच होते का, आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले किती प्रबंध छापून आले. चौकशीचा हा फोन मुलाला किंवा मुलीला स्वतः करू द्या.