घरी राहून धर्मशिक्षण
बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० साली स्थापन झाले. परंतु खेड्यातील ख्रिस्ती मंडळीची जबाबदारी वाहणारा वडील बहुधा शेतकरी किंवा शिक्षक असतो. संसार सोडून काही वर्षे वसतिगृहात राहणे त्याला कोठून जमावे? ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाने १९६३ साली हा प्रश्न उलट बाजूने सोडविला. विद्यार्थी आपल्या गावीच राहिला. अध्यापक फिरू लागले. बंगळूरमध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या ‘टॅफ्टी’ या संस्थेने हीच पद्धत अवलंबिली. विद्यार्थी घरी पाठ वाचतो, ठरावीक दिवशी जवळच्या केंद्रात मार्गदर्शकासह चर्चा करतो आणि शिकलेले आपल्या मंडळीत लगेच पडताळतो. ही चर्चा नसेल तर उरतो तो केवळ टपालाचा व्यवहार. मंडळीने आधीच पुढारी मानलेल्या माणसालाच येथे शिक्षण मिळते, हा तिचा खरा लाभ. मात्र दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणे सोपे नव्हे.