गल्ल्यावर दुसरा माणूस हवा

"डॉक्टर, दुकान कुणावर टाकून येऊ?" तपासण्यांची चिठ्ठी हातात दिली की हे वाक्य हमखास येतं. किराणावाले म्हणतात, हार्डवेअरवाले म्हणतात, पिठाची गिरणी चालवणारे म्हणतात आणि घरातूनच खानावळ चालवणाऱ्या ताईही म्हणतात. आजचा सल्ला या प्रश्नावरच आहे. गोळ्या मी लिहून देतोच. पण तुमच्या जागी गल्ल्यावर बसेल असा दुसरा माणूस तयार झाला नाही, तर त्या गोळ्या वेळेवर घेतल्या जात नाहीत, तपासण्या पुढच्या महिन्यावर जातात आणि जेवण साडेतीनच्या आधी होत नाही. हे मी रोज पाहतो.

जुन्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९४८च्या, दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावंच लागे. बाजारपेठ बंद म्हणजे मालकालाही सुट्टी. २०१७च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रात दुकानं आठवडाभर उघडी ठेवायला मोकळीक दिली. कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीची तरतूद त्यात आहे. मालकाला मात्र 'आता घरी जा' असं सांगणारं कुणी उरलं नाही. ते सांगण्याचं काम मग आम्हा डॉक्टरांकडे येतं, तेही बहुतेकदा उशिरा.

सकाळी साडेआठला शटर वर, रात्री साडेनऊला खाली. दुपारचे दोन तास वगळा, रविवार वगळा, तरी आठवड्याला ६६ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून केलेला अभ्यास सांगतो की, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुम्ही कष्टाळू आहात याचा मला आदर आहे. हा आकडा त्या कष्टांना बोल लावण्यासाठी सांगत नाही. ६६ चे ५५ च्या खाली कसे आणायचे, याचा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल, म्हणून सांगतो.

आता चहा. कंपनीचा सेल्समन आला की चहा, जुनं गिऱ्हाईक आलं की चहा, शेजारचा दुकानदार डोकावला की चहा. अर्धाच कप असतो म्हणून कुणी मोजत नाही. अशा एका चहात दीड चमचा साखर धरली तर दिवसाच्या आठ चहांमधून बारा चमचे, म्हणजे साधारण ६० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सर्वसाधारण आहाराला दिवसाला ५० ग्रॅमची आहे, आणि २५ च्या आत राहिलात तर उत्तम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३च्या अहवालात देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले साडेतेरा कोटींहून अधिक आढळले. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. बाजारपेठेत चहा म्हणजे माणुसकी. चहावाल्याला आपल्या दुकानासाठी बिनसाखरेचा सांगून ठेवा. आठ-दहा दिवसांत जिभेला सवय होते.

आणि पाणी. यावर फार कमी बोललं जातं. बाजारपेठेतल्या बहुतेक गाळ्यांना स्वच्छतागृह नसतं आणि गल्ला सोडता येत नाही, म्हणून माणसं पाणीच कमी पितात. दुकान चालवणाऱ्या बायका तर सकाळी घरून निघताना एक पेला पितात, तो थेट दुपारी घरी गेल्यावर दुसरा. लघवीला जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, मुतखडा, यांतली कितीतरी दुखणी इथूनच सुरू होतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या गाळ्यात बसणाऱ्यांना हा त्रास अधिक. लघवीला जळजळ होऊन थंडी वाजून ताप आला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, त्याच दिवशी दाखवा. देवळात जाताना शेजाऱ्याला 'जरा लक्ष ठेवा' म्हणता, तसं लघवीला जातानाही म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

रक्तदाब मोजतानाचं एक दृश्य सांगतो. दंडावर पट्टा बांधला, हवा भरायला लागलो आणि फोन वाजला. "हो, सिमेंटच्या वीस गोण्या, पैसे नंतर घेतो." आकडा आला १६२. फोन बंद करून, लघवीला जाऊन, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं. आकडा आला १४४. मोजताना बोललं तरी वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो, मूत्राशय भरलेलं असलं तरीही चढतो. म्हणजे पहिला आकडा काहीसा फसवा होता, पण १४४ सुद्धा जास्तच आहे. घरी यंत्र असेल तर सकाळी चहा आणि गोळीच्या आधी, आणि रात्री झोपण्यापूर्वी, असा आठवडाभर मोजून वहीत लिहा. घरचा सरासरी आकडा १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर वही घेऊन या. आणि दिवाळीच्या गर्दीत गोळी बंद करू नका. 'सीझन संपला की सुरू करतो' म्हणणाऱ्यांना लक्ष्मीपूजनानंतर कुठल्या अवस्थेत दवाखान्यात आणतात, ते मी पाहिलेलं आहे.

छातीत दाब आला, घाम सुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, तर त्याला गॅस समजून सोडा पिऊन गिऱ्हाईक करत बसू नका. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना काही वेळा छातीत न दुखता नुसतीच धाप लागते किंवा मळमळतं. १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

रात्रीची झोप उडण्याचं कारण मात्र दुकानाच्या आत नसतं, उधारीच्या वहीत असतं. अडकलेले पैसे, बँकेचा हप्ता, महिन्याच्या २० तारखेला भरायचं जीएसटीचं विवरण, हे सगळं अंथरुणावर पडलं की डोक्यात फिरतं. साडेदहाला जेवून लगेच आडवं झाल्याने आम्लपित्त वाढतं ते वेगळंच. हिशोब जेवणाआधी उरका. रात्रीचं जेवण दुकानात डबा मागवून आठला करता आलं तर फारच छान. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची मोफत सेवा चोवीस तास असते आणि मराठीतून बोलता येतं. धंद्यात खोट आली हे बायकोला सांगायची चोरी वाटते, अशी माणसं मी बघतो. आधी तिलाच सांगा.

आता तो दुसरा माणूस. मुलगा, पुतण्या, जुना विश्वासू नोकर, कुणीही चालेल. त्याला रोज एक तास गल्ल्यावर बसवा आणि तुम्ही त्या वेळात चालायला जा. भाव, उधारीची वही, घाऊक व्यापाऱ्यांचे नंबर, किल्ल्या, मीटरचं बिल कधी येतं, हे सगळं त्याला माहीत व्हायला हवं. पहिले काही दिवस दोन-पाचशेची चूक होईल. होऊ द्या. एकदा अँजिओप्लास्टी झाली की महिनाभर दुकानाचं काय होतं, ते बाजारपेठेत विचारून पाहा.

आणि पुढच्या वेळी येताना वहिनींना सोबत घेऊन या. तुम्ही माल आणायला गेलात की गल्ल्यावर त्याच बसतात, घरचं दोन वेळचं रांधून. त्यांचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर शेवटची कधी तपासली ते बहुतेकांना सांगता येत नाही. तिशीनंतर या तपासण्या, आणि सोबत तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी, सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बुधवारी सकाळी माझ्याकडे गर्दी कमी असते, तेव्हा दोघंही उपाशीपोटी या.