पाटे बदलल्यावर गाडी एका अंगास ओढते तेव्हा

फुले व भाजीपाला घेऊन दादरच्या बाजारात येणाऱ्या मालवाहू टेंपोंचे पाटे खड्ड्यांमुळे वरचेवर बदलावे लागतात. त्यानंतर गाडी एका अंगास ओढू लागल्यास ‘चालता चालता बसेल’ असे म्हणून ती तशीच हाकू नये. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात, माल भरलेला असताना, हा दोष जिवावर बेततो.

पाणी वाहून जावे म्हणून रस्त्यास कडेकडे उतार दिलेला असतो; त्यामुळे गाडीचा डावीकडे किंचित कल असणे हा दोष नव्हे. ओढ त्याहून अधिक असल्यास पुढील दोन्ही चाकांतील हवा सारखी करावी. थोडे अंतर चालवून चाकांची उष्णता जपून पाहावी. एकच चाक तापले असेल, तर त्याचा ब्रेक धरत आहे असे समजावे.

एवढ्याने उलगडा न झाल्यास, माल उतरल्यावर सपाट जागी पुढील चाके सरळ करून पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंस फितीने मोजावे. ज्या बाजूस ते कमी भरते, त्या बाजूस गाडी ओढते. बहुधा पाट्यांच्या मधल्या बोल्टाचे डोके अॅक्सलवरील भोकात बसलेले नसते आणि यू-बोल्ट तसेच आवळलेले असतात! ते सैल करून डोके कारागिराकडून नीट बसवून घ्यावे. पुष्कळदा मोजणी न करताच चाकांची तोंडे जुळवून दिली जातात. त्याने ओढ राहते, टायर मात्र झिजतात.

दुरुस्तीनंतर काही फेऱ्या झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.