आधी उजेड, मग कॅमेरा

बाळा, बाटल्या तपासणाऱ्या कॅमेऱ्याचं कोटेशन मागवण्याआधी तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंजवळ एक अख्खी पाळी उभा राहा. ट्यूबलाइटसमोर बाटली उलटी करून त्या क्षणभर थांबतात. बुडबुडा असेल तर वर पळतो, कचरा असेल तर सावकाश खाली येतो. एकाच फोटोत हा फरक कळत नाही. म्हणून पाण्यातला कण पकडायचा असेल, तर बाटली हलवून लागोपाठ फोटो घेणारी यंत्रणा लागते, आणि ती महाग पडते. तुझ्या लाइनला सुरुवात झाकण, पातळी आणि लेबलपासून कर.

आपल्या वागळे इस्टेटला बाटलीबंद पाण्याचं काम नवं नाही. १९६५ साली बिसलेरीचा पाण्याचा पहिला कारखाना इथेच निघाला, तेव्हा बाटल्या काचेच्या होत्या.

पैसा उजेडावर घाल. पातळी बघायची तर दिवा बाटलीच्या मागे, दुधी ॲक्रिलिकच्या आड. झाकण निळं असेल तर निळा दिवा लावू नकोस, ते फिकट होऊन पांढऱ्यात विरतं. लाल दिव्यात तेच काळं, ठसठशीत उठून दिसतं. पश्चिमेच्या शटरमधून संध्याकाळचं ऊन आत येतं, तेव्हा सकाळी बिनचूक चाललेली सेटिंग चांगल्या बाटल्या फेकायला लागते. कॅमेऱ्यावर पत्र्याची पेटी चढव, मग ऊन असो नाहीतर ढग, आतला उजेड तोच राहील. पावसाळ्यात थंड बाटलीला घाम येतो, त्यासाठी कॅमेऱ्याच्या आधी ब्लोअर हवाच.

वेगाचा हिशेब कागदावर मांड. तासाला १२,००० बाटल्या आणि दोन बाटल्यांत १०० मिलिमीटर अंतर म्हणजे पट्टा सेकंदाला ३३३ मिलिमीटर धावतो. एक मिलिसेकंद शटर उघडं राहिलं तरी चित्र एक तृतीयांश मिलिमीटर फराटतं. झाकणाखालच्या सीलच्या रिंगेतली बारीक चीर त्यात हरवते. क्षणभरच चमकणारा स्ट्रोब घे आणि वेळ दहापट कमी कर.

पातळी दिसली म्हणजे माप कळलं, असं समजू नकोस. पेटची बाटली फुगते, दबते. अधूनमधून काट्यावर वजन करच.

खराब बाटली ओळखली तरी ती ढकलली गेली पाहिजे. कॉम्प्रेसरचा दाब उतरला की पुशर उशिरा मारतो आणि शेजारची चांगली बाटली पडते. पट्ट्याला एन्कोडर लाव, रिजेक्ट ट्रेच्या तोंडाशी सेन्सर लाव. दर पाळीच्या सुरुवातीला वाकड्या झाकणाची, कमी भरलेली आणि सील तुटलेली अशा खुणेच्या बाटल्या सोड. एकही निसटली तर लाइन थांबव, मालक ओरडले तरी.

आणि त्या ताईंना काढू नकोस. त्यांना रिजेक्ट ट्रेवर बसव. फेकलेल्यातली कुठली चांगली होती हे त्या सांगतील. त्या बाटल्यांचे फोटो वेगळे साठव, आणि मर्यादा सैल करायची वेळ आली तर आधी त्यांना विचार.