पाझर तलावाचा धडा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. मावळ-मुळशीचे डोंगर पावसाच्या सरी झेलीत असतात, तेव्हा इकडे आभाळ नुसते भरून येते आणि तसेच पुढे निघून जाते. भाटघर धरणाचे पाणी घेऊन नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास या भागात आला आणि त्याने एकाच तालुक्याचे जणू दोन मुलूख केले. कालव्याखाली ऊस डोलू लागला. कालव्याच्या वरचा जिराईत भाग मात्र पूर्वीसारखाच पावसाची वाट पाहत राहिला.

१९७० नंतर पाऊस ओढ देऊ लागला आणि १९७२ साली त्याने पुरता दगा दिला. खरीप गेला, पाठोपाठ रब्बीही गेला. विहिरींचे तळ दिसू लागले, कडब्याची पेंडी मिळेनाशी झाली. भूकंप किंवा महापूर यांचा घाला एका रात्रीत पडतो आणि आसपासचे लोक मदतीला धावून येतात. दुष्काळाची गोष्ट निराळी. तो पावलापावलाने येतो आणि एका घरावर न येता साऱ्या मुलखावर येतो. शेजाऱ्याला द्यावे, तर देणाऱ्याच्या कणगीतही दाणा उरलेला नसतो. अशा वेळी माणसांनी एकमेकांना द्यावे तरी काय?

त्या वर्षी त्यांनी श्रम दिले. शासनाने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील अशा कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. रस्त्यासाठी खडी फोडणे, नाल्यांना बांध घालणे, तलाव खोदणे अशी ती कामे होती. कामावर सुखडी मिळे; घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी होई. ती फारशी कोणास रुचत नसे, पण तिने दिवस निभावले. ज्यांच्या शेतावर एरवी गडी राबत, ते शेतकरीही भूमिहीन मजुरांच्या रांगेत उभे राहून घमेली वाहू लागले. दुष्काळाने घडविलेली ही समता सुखाची नव्हती, हे खरे. तरी ती नोंद घेण्याजोगी आहे.

बारामतीच्या जिराईत भागात पाझर तलावांच्या कामास त्यापूर्वीच आरंभ झाला होता. कासा या ख्रिस्ती मदतसंस्थेकडून आलेले धान्य व खाद्यतेल श्रमाच्या मोबदल्यात देऊन तलाव बांधण्यात आले. १९७१ साली अप्पासाहेब पवार प्रभृतींनी ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था बारामतीत स्थापन केली आणि हे काम पुढे नेले.

पाझर तलाव म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना नीट समजावून दिले पाहिजे. कारण या धड्याचे मर्म त्याच्या रचनेतच आहे. ओढ्याच्या आडवा चर खणून तो चिकण मातीने भरतात आणि त्यावर मातीचा बांध उभारतात. जादा पाणी निघून जावे म्हणून एका बाजूस सांडवा ठेवतात. या तलावाला कालवा नसतो. साठलेले पाणी तलावात राहावे, अशी अपेक्षाही नसते. ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून हळूहळू झिरपते व खालच्या अंगाच्या विहिरींना येऊन मिळते. तलाव आटला म्हणून तो फुकट गेला असे नव्हे. आटणे हेच त्याचे काम.

आता हिशेब मांडून पाहावा. ज्याचे शेत तलावाच्या पोटात गेले, त्याची जमीन गेली. ज्याची विहीर बांधाच्या खाली, तिला पाणी आले. आणि ज्याने माती वाहिली, त्याच्याजवळ पुष्कळदा ना शेत होते, ना विहीर. मजुरीने त्याच्या मुलांचे पोट भरले, परंतु पाणी दुसऱ्याच्याच मळ्यात गेले. मोठ्या प्रमाणावर हेच इंदापूर तालुक्यात घडले. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात पळसदेवसारखी गावे बुडाली आणि कालव्याचे पाणी खाली सोलापूरकडे गेले. हा त्याग कोणी आपखुशीने केला, असे म्हणणे धाडसाचे होईल. दुसऱ्यासाठी सोसणाऱ्याचे नाव पुढे कोणी घेत नाही, एवढे मात्र त्यातून दिसते.

या कोड्याचे एक उत्तर शेजारच्या पुरंदर तालुक्यात शोधले गेले. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंते व कारखानदार. १९७२ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन खंडाने घेऊन तेथे पाणी अडविले. १९७४ पासून त्यांनी पाणीपंचायतीचा प्रयोग चालविला. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या मानाने न देता घरातील माणसांच्या मानाने द्यावे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर एवढेच भिजवावे. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जवळ जास्त जमीन असलेल्याने हे मान्य करायचे म्हणजे हाताशी आलेले पाणी सोडायचे. धान्याची ओंजळ देण्याहून हे अवघड आहे.

शहरांनाही आपला वाटा उचलावा लागला. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली राज्यात व्यवसाय कर बसविण्यात आला. योजनेचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शिक्षकांच्या वेतनपत्रकात दरमहा दिसणारी ती लहानशी कपात या दुष्काळाच्या पोटी जन्मली आहे. पुष्कळांना ती केवळ कटकट वाटते. वर्गात ती दाखवून तिचा उगम सांगितल्यास धडा जिवंत होईल.

इयत्ता चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांना शक्य तेथे जवळच्या पाझर तलावावर न्यावे. बांध, सांडवा व बुडीत क्षेत्र दाखवून खालच्या विहिरी मोजावयास सांगाव्या. १९७२ साली घमेली वाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांपैकी एखाद्या आजीस किंवा आजोबांस सोबत घ्यावे. तलावात कोणाचे शेत गेले, माती कोणी वाहिली आणि पाणी कोणाच्या विहिरीला आले, हे तीन प्रश्न मुलांनी त्यांना विचारावे व उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावी.